थारला कोणते टायर घालू? डांबर, लाल चिखल आणि धनगरवाड्याची चढण

धनगरवाटा · १० मे

नमस्कार मंडळी. मी गुरांची डॉक्टर, गगनबावड्याच्या बाजूला काम करते. गाडी २०१७ ची महिंद्राची थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी), १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. पावसाच्या आत टायर बदलायचेत. गेले पंधरा दिवस दुकानदार, भाऊ, ओळखीचे ड्रायव्हर सगळ्यांना विचारून झालं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं, म्हणून इथे लिहिते.

रोजचं फिरणं साधारण ७० किलोमीटर. त्यातलं ६० तरी डांबरी. उरलेलं म्हणजे धनगरवाड्यांच्या वाटा. लाल माती, मधे मधे जांभ्याचा कातळ, एक ओढा, आणि एका वाड्यावर शेवटची अर्धा किलोमीटर उभी चढण. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दसऱ्यापर्यंत ती चढण म्हणजे नुसती रबडी. म्हैस अडली की रात्री दोन वाजताही निघावं लागतं. गाडी वर गेली नाही तर सामान खांद्यावर घेऊन अर्धा तास चालायचं, आणि तेवढ्या वेळात वासरू हातचं जातं. मागच्या पावसात असं दोनदा झालं.

दुसरी गोष्ट जुलैतली. भुईबावडा घाट उतरत होते, बारीक पाऊस होता. वळणावर समोरून टेम्पो आला, ब्रेक दाबला आणि गाडी वळेचना, सरळच घसरत गेली. डाव्या अंगाला गटारात चाक गेलं तेव्हा थांबली. मला काही झालं नाही. लशींचा डबा मागे उलटला होता, बाटल्या सीटखाली गोळा करताना हात थरथरत होते ते अजून आठवतं.

म्हणून या वेळी सरळ मड टेरेन (एमटी, खास चिखलाचे) घ्यायचं मनात आहे, मोठ्या बटणांचे. एका दुकानदाराने २४५/७५ आर १६ सुचवलाय, माझा आत्ताचा २३५/७० आर १६ आहे. पाचही टायरना मिळून ५०,००० पर्यंत जमवता येतील. काय करू?

घाटमाथा२७ · १० मे

ताई, तुमच्या चढणीला एमटीशिवाय पर्याय नाही असं माझं मत. मी पाच वर्षं ऑफरोडला जातो. पावसात एटीची (ऑल टेरेन, डांबर आणि माती दोन्हींसाठीच्या टायरची) नक्षी भरून जाते, मग चाक जागेवर फिरत बसतं. एमटीच्या खाचा रुंद असतात, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. आवाज येईल, अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, पण अडकणार नाही. साइजही वाढवा, गाडी उंच होते.

चिरेबंदी · १० मे

राजापूरकडचा आहे, चिरेखाणीवर गाडी जाते. आमच्याकडे टायर चिखलाने मरत नाही, साइडवॉलने (टायरच्या बाजूच्या भिंतीने) मरतो. तोडलेल्या जांभ्याची कड ब्लेडसारखी असते. ट्रेडमधलं (जमिनीला टेकणाऱ्या भागातलं) पंक्चर निघतं, साइडवॉल कापली की टायर गेला. टायर घेताना साइडवॉल किती जाड आहे, खांद्याची बटणं खालपर्यंत आलीत का ते बघा. आणि स्टेपनी चांगली ठेवा.

कृष्णाकाठ · ११ मे

डॉक्टर ताई, कराडला आमचं टायरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. साइज सांगण्याआधी एक विनंती. उजेडात गाडीभोवती एक फेरी मारा आणि चार गोष्टी लिहून आणा.

साइडवॉलवर डॉट असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एका बाजूला पूर्ण आकडा नसेल तर आतल्या बाजूला असतो, वाकून बघावं लागेल. पाचही टायरचे आकडे लिहा, स्टेपनी विसरू नका.

मग साइजच्या पुढचा आकडा आणि अक्षर. ते वजनाचं आणि वेगाचं. १०५ म्हणजे एका टायरने ९२५ किलो पेलायचं, १०६ म्हणजे ९५०. नवा टायर यापेक्षा कमी आकड्याचा कधीच घ्यायचा नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

खाचांत मधे मधे छोटे उंचवटे असतात. ट्रेड घासून त्यांच्या बरोबरीला आला की १.६ मिलिमीटर उरलं, कायद्याने टायर तिथे संपला. पावसाच्या घाटात मी त्याच्या खूप आधी बदलायला सांगतो.

आणि शेवटचं, हाताचा तळवा पुढच्या टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) बिघडलंय. तसंच ठेवून नवे टायर घातले तर तेही वर्षात खाल्ले जातील.

एवढं कळलं की मग ब्रँडचं बोलू.

धनगरवाटा · ११ मे

दादा, संध्याकाळी बॅटरी घेऊन बसले. मागचे दोन ३८१९. पुढचे दोन ११२१, वेगळ्या कंपनीचे. स्टेपनीवर ०९१७! म्हणजे गाडीबरोबर आलेली, नऊ वर्षं दाराला लटकलेली. तिच्यावर नखाने उकरता येतील अशा बारीक भेगा आहेत. सगळ्यांवर १०५ आहे. पुढच्या डाव्यावर तळवा फिरवला तर करवत लागते, नक्की. मागचे उंचवट्याला टेकायला आलेत.

कृष्णाकाठ · ११ मे

मग तुमच्या जुलैच्या घसरणीचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. मागचे टायर तेव्हाच सहा वर्षांना टेकलेले, पुढचे चार वर्षांचे आणि वेगळ्या नक्षीचे. रबर जुनं झालं की कडक होतं, खाच शिल्लक असली तरी ओल्या डांबराला धरत नाही.

चारही टायर एकसारखे का हवेत, तेही सांगतो. तुमच्या गाडीत ४एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) एकमेकांना बांधले जातात, मधे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. पुढचे टायर कमी घासलेले आणि मागचे जास्त घासलेले असले की एका फेरीत पुढचं चाक जास्त अंतर जातं, मागचं कमी. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक फेडतं. घट्ट रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग ताण ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर येतो. गिअर ४एच मधून निघत नाही, स्टिअरिंग जड होतं, अशी तक्रार घेऊन लोक मेकॅनिककडे जातात आणि मूळ दुखणं टायरमध्ये असतं. म्हणून फोर बाय फोरला दोन टायर बदलायचा हिशेब मी करूच देत नाही. पाच घ्या, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, शक्यतो एकाच महिन्याचे.

लालपरी३१ · १२ मे

ताई, मी ३१ वर्षं एसटी चालवली, कोल्हापूर डेपो, बरीचशी घाटातच. टायरमधलं शास्त्र ही पोरं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला तुमच्या गटाराबद्दल बोलायचंय.

२०१७ च्या थारला एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, ते २०१९ मध्ये आलं. म्हणजे ओल्यात ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होतं, आणि जाम चाकाला स्टिअरिंग कळत नाही. तुम्ही म्हणालात ना, गाडी वळेचना, ते हेच. पाय क्षणभर उचलला असता तर चाक फिरलं असतं आणि गाडी वळली असती. हे सांगायला सोपं, त्या क्षणी सुचत नाही हे मला माहीत आहे. मोकळ्या पटांगणात, पाऊस पडलेला असताना, २० च्या वेगाने मुद्दाम चाक जाम करून पाहा, पाय सोडून पाहा. दहा-पंधरा वेळा केलं की पायाला सवय लागते. आम्हाला असंच शिकवलं होतं.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि पहिल्या पावसाच्या पहिल्या तासात गाडी बाजूला लावता आली तर लावा. उन्हाळाभरचं तेल आणि धूळ तेव्हा वर तरंगते.

पुणेरी२१५ · १२ मे

मला एक गोष्ट खटकतेय. ताईंची घसरण झाली डांबरावर आणि उपाय चाललाय चिखलाच्या टायरचा. एमटीमध्ये बटणांमधे एवढी मोकळी जागा असते की डांबराला टेकणारं रबर कमी होतं. ओल्या डांबरावर एमटीला थांबायला हायवे टायरपेक्षा जास्त अंतर लागतं. रोजचे ६० किलोमीटर डांबर, त्यात घाट, एबीएस नाही. अशा गाडीला एमटी घालणं मला धोक्याचं वाटतं. फोर बाय फोर गाडीला पुढे ढकलतं, थांबवताना त्याचा काही उपयोग नाही.

घाटमाथा२७ · १२ मे

मुद्दा बरोबर आहे, मी डांबराचा विचार केलाच नव्हता. पण मग हायवे टेरेन घालून ती चढण कशी चढायची? त्या रात्रीची म्हैस वाट बघत नाही.

वापसा · १३ मे

हिंगोलीहून लिहितो. चिखल चिखल म्हणताय सगळे, पण माती कुठली ते बघा की.

आमची काळी माती. पाऊस पडला की चिकटते, दोन फेऱ्यांत टायरचा गोळा होतो, चाक मडगार्डला घासायला लागतं. हवा कमी करा, लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारा) लावा, काही उपयोग नाही, कारण खाली कडक काही लागतच नाही, फुटा-फुटाने चिखलच. पाणंद रस्त्यावर मी एमटी घातलेल्या गाड्याही ट्रॅक्टरने ओढून काढल्यात. आमच्याकडे एकच उपाय, वापसा येईपर्यंत (माती पुरेशी सुकेपर्यंत) शिवारात गाडी घालायची नाही.

तुमच्याकडची लाल माती वेगळी. वर चार-सहा बोटं रबडी, पण खाली मुरूम किंवा कातळ. टायरने वरची रबडी कापून मुरूम गाठला की पकड मिळाली. त्याला एमटीची गरज नाही, धारदार कडांचा एटी पुरतो. मी दोन वर्षं रत्नागिरीत नोकरीला होतो, तिथे एटीवर फिरलोय, अडकलो ते फक्त भाताच्या खाचरात.

चढणीवर खाली काय लागतं? काठी खुपसून बघा.

धनगरवाटा · १५ मे

काल वाड्यावर लसीकरण होतं. काठी नेली होती. परवाच वळवाने झोडपलं होतं, त्यामुळे माती ओलीच होती. खालच्या टप्प्यात सहा बोटं काठी गेली आणि टक्क आवाज आला. वरच्या वळणावर मात्र वीतभर गेली तरी मऊच. तिथल्या आजोबांनी सांगितलं की डोंगराचं पाणी त्या वळणावरून वाट फोडून येतं, म्हणून ती जागा सुकत नाही. मी नेमकी तिथेच अडकते, दोन्ही वेळा तिथेच.

वापसा · १५ मे

मग ताई, त्या वळणाला टायर नको, चर पाहिजे. डोंगराच्या अंगाने हातभर रुंद चर मारून पाणी बाजूला काढा आणि वळणावर दोन ब्रास मुरूम नाहीतर दगडाची खांडकी टाका. दहा माणसांचं दिवसाचं काम. शिवाय वाड्यावरच्या बायकांना डोक्यावर हंडे घेऊन तिथूनच यावं लागत असणार.

दूरदेशी · १६ मे

पर्थहून. इथे उत्तरेकडे किंबर्लीत गिब रिव्हर रोड आहे, ६६० किलोमीटर, बराचसा कच्चा, दगडी. आम्ही टायर नवे होते की जुने यापेक्षा हवा किती होती हे आधी विचारतो. कच्च्यावर उतरलं की हवा कमी, डांबरावर चढलं की परत भरायची. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जास्त जमीन धरतो, आणि टोकदार दगडावर फाटण्याऐवजी वाकतो.

ताई, १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि साधं गेज घ्या. बजेटमधले तेवढे पैसे बाजूला ठेवा. चढणीआधी २० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि कमी हवेवर डांबरावरून जोरात जायचं नाही, टायर तापतो.

चिरेबंदी · १६ मे

हवा कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते, मग जांभ्याची कड तिलाच लागते. आमच्याकडे मी २४ च्या खाली जात नाही. रबडी असेल तिथे कमी करा, कातळाच्या टप्प्याआधी नको.

दूरदेशी · १६ मे

हे पटलं. तुमची जमीन तुम्हाला ठाऊक.

कृष्णाकाठ · १७ मे

आता साइजचं. २३५/७० आर १६ ची उंची साधारण ७३५ मिलिमीटर, २४५/७५ आर १६ ची ७७४. फरक ५ टक्क्यांचा. गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे दोन सेंटीमीटरही नाही. बदल्यात काय जातं बघा. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ला असेल. चाक मोठं झालं की चढणीवरची ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी, म्हणजे नेमकी तुमच्या चढणीला. ब्रेकलाही मोठं चाक थांबवायचं. पूर्ण वळण घेताना टायर आत घासतो का ते वेगळंच. आणि कंपनीच्या यादीत नसलेला साइज घातला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा, दोन्हीकडे उत्तर देत बसावं लागतं. मी हा साइज खपवू शकतो, पण तुम्हाला देणार नाही.

माझं मत २३५/७० आर १६ मध्येच एटी. एटीतही दोन जाती आहेत. काहींची नक्षी एमटीकडे झुकते, काहींची मधल्या भागात दाट, खांद्याला मोकळी. तुम्हाला दुसरी हवी. मधला भाग ओल्या डांबराला धरेल, खांदा मातीला. आणि मधल्या बटणांवर बारीक चिरा असलेली नक्षी बघा, पावसात ब्रेक लावताना त्याच चिरांच्या कडा रस्ता धरतात. एमआरएफ वाँडरर, सिएट झार एटी, अपोलो अ‍ॅप्टेरा एटी२, योकोहामा जिओलँडर एटी ही नावं दुकानात विचारा, मांडीवर ठेवून नक्षी बघा, मग ठरवा. बीएफ गुडरिचसाठी थांबू नका. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून बाहेरचा माल कधी येईल याचा मी गिऱ्हाइकाला शब्द देत नाही. तुमच्याकडे पाऊस तीन आठवड्यांवर आलाय.

बिल पक्कं घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलावर तोच दर आहे ना बघा. टायरवर आयएसआय खूण असतेच, ती बघा. आणि डॉटचा आकडा टायर चढवायच्या आधी वाचा. एकदा चढवला की परत कोणी घेत नाही.

घाटमाथा२७ · १७ मे

माझं मत बदललं. ताई, एटीच घ्या. एमटी माझ्या रविवारच्या गाडीला ठीक आहे, तुमच्या कामाच्या गाडीला नाही. तुमच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर आहे, २०१५ नंतरच्या थारला तो आलाय. एक मागचं चाक फिरायला लागलं की घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका, किंचित धरून ठेवा, लॉकर लागला की दुसरं चाकही ढकलतं. ४एल (कमी वेग, जास्त ओढ देणारा फोर बाय फोर गिअर), दुसरा गिअर, चढणीच्या खालीच टाकून निघायचं. मधे गिअर बदलायचा नाही.

वरच्या वळणाचा चर मारायला माणसं हवी असतील तर आम्ही सहा जण पुण्याहून येतो. कुदळ-फावडी आणतो.

धनगरवाटा · २५ मे

सगळ्यांना सांगायचं राहिलं. काल टायर बसवले. जिओलँडर एटी, जी०१५, २३५/७० आर १६, १०६ एच. पहिल्या दुकानात आणलेल्या पाचांतले दोन २०२३ चे निघाले. मी आकडा वाचून दाखवला तर मालक म्हणाले, चालतंय की मॅडम, वापरलेले थोडेच आहेत. मी नको म्हटलं. दुसऱ्या दुकानात दोन दिवस थांबले आणि पाचही याच वर्षीचे मिळाले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, कॉम्प्रेसर सगळं धरून ५०,००० च्या आत बसलं. नऊ वर्षांची स्टेपनी काढली तेव्हा व्हॉल्व्हचं रबर बोटाने तुटलं.

लालपरी३१ · २५ मे

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीत थर जाऊ दे. आणि १०० किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या.

धनगरवाटा · १९ जुलै

पाऊस लागून महिना झाला, म्हणून लिहिते.

७ जूनला वाड्यावरच्या लोकांनी आणि पुण्याच्या मुलांनी मिळून चर मारला. दगड वाड्यावरच्यांनीच फोडला. आजोबा चर कुठून काढायचा ते काठीने रेघ ओढून दाखवत होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी बरोबर त्या रेघेतून गेलं.

आतापर्यंत ११ वेळा वर गेले. नऊ वेळा हवा न काढता, ४एल दुसऱ्या गिअरमध्ये. दोनदा खूपच रबडी होती तेव्हा २४ केली, चिरेबंदींचं ऐकून त्याखाली गेले नाही. एकदा, ३ जुलैच्या रात्री, वरच्या वळणावर मागचं डावं चाक फिरायला लागलं. अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवला, खालून खटकन आवाज आला आणि गाडी सरकली. वर रेडकू आडवं होतं. सोडवलं, जगलं.

डांबरावर आवाज आधीपेक्षा थोडा जास्त आहे, ६० च्या वर जाणवतो. डिझेल किंचित जास्त लागतंय. ओल्यात पटांगणावर चाक जाम करून पाय सोडायचा सराव तीन संध्याकाळी केला. परवा घाटात एक म्हैस आडवी आली तेव्हा पाय आपोआप उचलला गेला.

कृष्णाकाठ दादा, एकच विचारायचं आहे. पाच चाकांची अदलाबदल ८,००० किलोमीटरला करायची म्हटलं तर ती दसऱ्याच्या आसपास येईल. स्टेपनी कुठल्या चाकाच्या जागी घालायची?

कृष्णाकाठ · १९ जुलै

स्टेपनी मागच्या उजव्याला. मागची दोन्ही सरळ पुढे न्या. पुढचा उजवा मागच्या डाव्याला आणि पुढचा डावा दाराला. खडूने प्रत्येक टायरवर तारीख आणि जागा लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच बघून फिरवायचं.